गोल्फचा स्विंग शिकताना होणाऱ्या चुका : दोन पद्धतींची सरमिसळ टाळा

गोल्फचा स्विंग, म्हणजे क्लब (गोल्फची काठी) झुलवून चेंडू मारण्याची हालचाल, शिकवणाऱ्या प्रशिक्षकांमध्ये ढोबळमानाने दोन घराणी आढळतात. पहिले घराणे शरीराच्या हालचालींपासून सुरुवात करते आणि ग्रिप (क्लब धरण्याची पद्धत), खांद्यांचे वळण, कमरेची हालचाल व मनगटाचा कोन एकेक करून दुरुस्त करते. दुसरे घराणे क्लबचे डोके नीट झुलवायला शिकवते आणि शरीर आपोआप जुळवून घेईल असे मानते. इंग्लंडचे अर्नेस्ट जोन्स या दुसऱ्या घराण्याचे ठळक उदाहरण होते. पहिल्या महायुद्धात उजवा पाय गुडघ्याखाली गमावल्यानंतरही ते उत्तम खेळत राहिले आणि पुढे रुमालाच्या टोकाला छोटा चाकू बांधून विद्यार्थ्यांना तो झुलवायला लावू लागले, कारण रुमाल ढकलता येत नाही. दोन्ही घराण्यांतून चांगले खेळाडू घडले आहेत. बिघाड होतो तो बहुधा शिकणाऱ्याने दोन्हीकडचे तुकडे उचलून एकाच स्विंगमध्ये बसवल्यामुळे. (पुढील वर्णन उजव्या हाताने खेळणाऱ्यांना धरून केले आहे.)

वजनाचेच उदाहरण घ्या. 2007 च्या सुमारास गाजलेल्या स्टॅक अँड टिल्ट पद्धतीत बॅकस्विंगच्या वेळीही (क्लब मागे नेताना) वजन डाव्या पायावरच ठेवायला सांगतात. पारंपरिक पद्धतीत ते आधी उजवीकडे न्यायचे, मग डावीकडे आणायचे आणि फटक्याच्या वेळी डोके चेंडूच्या मागे ठेवायचे असते. आता एखाद्याने पहिल्या पद्धतीतून वजन डावीकडे ठेवणे घेतले आणि दुसरीतून डोके मागे ठेवणे घेतले, तर डाउनस्विंगमध्ये (क्लब खाली चेंडूकडे आणताना) त्याचे शरीर उजवीकडे ढकलले जाते, स्विंगचा सर्वांत खालचा बिंदू चेंडूच्या मागे सरकतो आणि क्लब आधी जमीन उकरतो किंवा वर उठताना चेंडूच्या माथ्यावर लागतो. दोन्ही सूचना आपापल्या जागी बरोबर असतात, म्हणूनच दोष कुठे आहे हे खेळाडूच्या लक्षात येत नाही. असे घडत असेल तर तिसरी सूचना शोधू नये. दोनपैकी एक काढून टाकावी आणि उरलेल्या पद्धतीप्रमाणे संपूर्ण स्विंग पुन्हा पाहावा.

स्लाइसच्या, म्हणजे उजवीकडे वळत जाणाऱ्या फटक्याच्या, बाबतीतही हेच होते. एक प्रशिक्षक ग्रिपमध्ये हात उजवीकडे वळवून बसवतो, दुसरा फटक्याच्या वेळी हात डावीकडे फिरवायला सांगतो. दोन्ही उपाय क्लबफेस (चेंडूला लागणारी क्लबची बाजू) बंद करण्याचे, म्हणजे डावीकडे वळवण्याचेच असल्यामुळे ते एकत्र लागू केल्यास आठवड्याभरात स्लाइसची जागा हुक, म्हणजे डावीकडे वळणारा फटका, घेतो.

दुसरी मोठी चूक निदानातली आहे. चेंडू क्लबच्या मार्गाच्या दिशेने निघतो आणि मग फेसकडे वळतो, असे अनेक वर्षे शिकवले जात होते आणि अजूनही काही ठिकाणी शिकवले जाते. रडारने केलेल्या मोजमापांनंतर हे उलटे ठरले : चेंडूची सुरुवातीची दिशा मुख्यत्वे फेस ठरवतो (आयर्न या धातूच्या पात्याच्या क्लबला सुमारे 75 टक्के, लांब फटक्याच्या ड्रायव्हरला सुमारे 85 टक्के) आणि चेंडू किती वळेल हे फेस व मार्ग यांच्यातील फरकावर अवलंबून असते. त्यामुळे स्लाइस करणारा खेळाडू अधिकाधिक डावीकडे नेम धरून उभा राहिला, तर त्याचा मार्ग आणखी डावीकडे जातो, फेसशी असलेला फरक वाढतो आणि स्लाइसही वाढतो. म्हणून प्रशिक्षक कोणत्याही घराण्याचा असो, आधी चेंडू कुठून निघाला आणि कुठे वळला हे पाहावे आणि शरीराकडे त्यानंतरच वळावे. क्लब चेंडूला जेमतेम अर्धा मिलिसेकंद स्पर्श करतो, आणि चेंडूला तेवढ्यातच काय ते कळते. खेळाडूची मुद्रा छायाचित्रात कशी दिसते याच्याशी त्याला देणेघेणे नसते.

डाउनस्विंग साधारण पाव सेकंदात संपतो, तरीही कित्येक जण त्यात चार-चार सूचना आठवण्याचा प्रयत्न करतात. संशोधक गॅब्रिएल वुल्फ आणि सहकाऱ्यांनी 1999 मध्ये नवशिक्यांकडून पिच शॉट (कमी अंतराचे उंच फटके) मारून घेतले, तेव्हा हातांकडे लक्ष देणाऱ्यांपेक्षा क्लबच्या हालचालीकडे लक्ष देणाऱ्यांची अचूकता जास्त आढळली. याचा अर्थ शरीराचे तंत्र निरर्थक आहे असा माझ्या मते होत नाही. ते हळू, अर्ध्या स्विंगने, चेंडूशिवाय घोटावे. चेंडू समोर आला की मनात एकच सूचना असावी आणि तीही शक्यतो क्लबविषयीची.

ड्रायव्हिंग रेंजवर (सरावाच्या मैदानावर) एकाच सेव्हन आयर्नने एकाच खुणेकडे चेंडूंची बादली रिकामी करणे ही सवय समाधान देते, पण मैदानात तिचा फारसा उपयोग होत नाही, कारण तिथे सलग दोन फटके सारखे येत नाहीत. निदान निम्मे चेंडू तरी क्लब आणि लक्ष्य बदलत मारावेत.

अखेरचा मुद्दा धीराचा. इंग्लंडचे गोल्फपटू निक फाल्डो यांनी 1985 मध्ये प्रशिक्षक डेव्हिड लेडबेटर यांच्याकडे स्विंग नव्याने बांधायला घेतला आणि 1987 मध्ये स्कॉटलंडमधील म्युरफिल्डला शेवटच्या फेरीत अठराही होल पारमध्ये (ठरलेल्या तेवढ्याच फटक्यांत) खेळून ब्रिटिश ओपन ही स्पर्धा जिंकली. रोज सराव करणाऱ्या अव्वल व्यावसायिकाला जिथे दोन वर्षे लागली, तिथे शनिवार-रविवार खेळणाऱ्याने पंधरवड्यात प्रशिक्षक बदलणे घाईचे ठरते. उलट अमेरिकेचे गोल्फपटू जिम फ्युरिक यांचा वेटोळे घेणारा स्विंग त्यांच्या वडिलांनी, म्हणजे त्यांच्या प्रशिक्षकांनी, कधी मोडला नाही. त्याच स्विंगने त्यांनी 2003 ची यूएस ओपन जिंकली आणि 2016 मध्ये अवघ्या 58 फटक्यांत एक फेरी पूर्ण केली. त्यामुळे नव्या प्रशिक्षकाकडे जाताना त्याला दोन गोष्टी आधीच विचाराव्यात : माझ्या स्विंगमधले काय तसेच ठेवायचे, आणि आधीच्या प्रशिक्षकाने दिलेल्या सरावांपैकी कोणते आजपासून बंद करायचे.