प्रार्थनेत मन भरकटतंय? या चुका टाळा

सकाळी साडेपाचला उठून पवित्र शास्त्र (बायबल) उघडायचं आणि पाच मिनिटांत डोक्यात मुलीची फी, संपत आलेला सिलिंडर, ऑफिसातला अर्धवट राहिलेला मेल. आमच्या महिला मंडळात हा विषय निघाला की कुणीतरी म्हणतंच, "माझा विश्वासच कमी पडतोय." विश्वासाचं नंतर बघू. पुष्कळदा गडबड पद्धतीत असते.

शास्त्र फोनवर उघडणं

वचन शोधायला फोनसारखी सोय नाही, पण मनन करायला तो वाईट सोबती. वर पट्टीत 'प्रभू येशूच्या नावात सलाम' असा कौटुंबिक ग्रुपवरचा मेसेज येतो, त्याला सलाम करायला जावं तर तिथे कुणाच्या तरी बारशाचे चाळीस फोटो. (आणि वचनाचं चित्र पुढे पाठवलं म्हणजे वचन वाचलं असं होत नाही, हे मी स्वतःलाच सांगतेय.) छापील शास्त्र घ्या, फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला लावा. गजरासाठी फोन लागतो ही सबब असेल तर साधं घड्याळ आणा.

मन भटकलं म्हणून स्वतःवर चिडणं

सगळ्यात जास्त नुकसान या चुकीने होतं. मन सिलिंडरकडे गेलं; मग "आपण किती वाईट ख्रिस्ती" या विचारात आणखी दहा मिनिटं गेली. पहिली चूक अर्ध्या मिनिटाची होती, दुसरीने सकाळ खाल्ली.

मन भटकणं हा फोनच्या जमान्याचा रोग नाही. इजिप्तच्या वाळवंटात राहणाऱ्या संन्यासी ख्रिस्ती लोकांना ना ऑफिस होतं ना संसार, तरी त्यांचीही हीच तक्रार. त्यांच्यात राहून आलेल्या जॉन कॅशियनने पाचव्या शतकात त्यांचा उपाय लिहून ठेवला: स्तोत्र ७० मधलं पहिलंच वचन, देवा, माझ्या साहाय्याला त्वरा कर, एवढंच पुन्हा पुन्हा म्हणायचं. जेवताना, झोपताना, मोह झाला तरी, कंटाळा आला तरी. नामस्मरण ऐकत वाढलेल्या आपल्या मराठी कानांना ही रीत परकी वाटू नये.

दुसरा उपाय माझा. शेजारी कागद ठेवते. सिलिंडर आठवला की 'सिलिंडर' लिहायचं आणि परत यायचं. पण आईचा गुडघा आठवला तर तो कागदावर नाही, प्रार्थनेत. स्तोत्रकर्त्यांनी तरी काय केलं? शत्रू, दुखणारी हाडं, न लागणारी झोप, जे मनात आलं ते देवापुढे मांडलं. आपणच आधी मन झाडून-पुसून मग देवाला आत बोलावू पाहतो.

वाचन अजिबात लागत नसेल त्या दिवशी ख्रिस्ती कवी टिळकांचं एखादं भजन मोठ्याने गा. नारायण वामन टिळक १९१९ मध्ये गेले, त्यांची पदं आजही उपासनेत गातो ती उगाच नाही. गाताना मनाला दुसरीकडे जायला वाव कमी मिळतो.

एक जानेवारीचा संकल्प

वर्षात संपूर्ण शास्त्र. १,१८९ अध्याय, म्हणजे रोज तीनहून थोडे जास्त. उत्पत्तीचे ५० आणि निर्गमचे ४० उत्साहात होतात आणि जानेवारी संपता संपता गाडी नियमांनी भरलेल्या लेवीयमध्ये रुतते. मागे पडलेले अध्याय भरून काढायला धावत वाचणं म्हणजे मनन नव्हे. मार्कच्या शुभवर्तमानाचे १६ अध्याय घ्या, रोज अर्धा. एखाद्या दिवशी दोनच वचनं झाली तरी पुरे. स्तोत्र ११७ सबंधच दोन वचनांचं आहे.

चर्चच्या कामाला प्रार्थना समजणं

मार्थेची गोष्ट (बहीण मरिया प्रभूच्या पायाशी ऐकत बसली, ही एकटी राबत राहिली) ऐकली की स्वयंपाक करणाऱ्या बायका उगाच खजील होतात. लूकच्या १० व्या अध्यायात प्रभू तिला रांधू नकोस म्हणत नाही. तुला पुष्कळ गोष्टींची काळजी आणि दगदग आहे, म्हणतो. एक ओळखीची खूण सांगते: काम करताना "ती बघा, नुसती बसलीय" असं मनात येऊ लागलं की थांबायची वेळ झाली. नाताळच्या आठवड्यात, खुर्च्या मांडून आणि गायनाचा सराव घेऊन, मला ते दरवर्षी वाटतं.

देवाला सकाळच्या पंधरा मिनिटांत कोंडणं

पर्शियाच्या राजाने त्याला प्याला देणाऱ्या नहेम्याला विचारलं, "तुला काय हवं?" त्याने आधी स्वर्गीय देवाची प्रार्थना केली आणि मग उत्तर दिलं. राजासमोर उभं राहून कितीशी लांब प्रार्थना होणार? साहेबांच्या केबिनचं दार ढकलताना, सिग्नलला थांबल्यावर, तेवढी आपल्यालाही जमते. पॅरिसच्या मठातला ब्रदर लॉरेन्स सतराव्या शतकात स्वयंपाकघरात भांड्यांच्या आवाजातही देवाशी बोलत असे.

झोपेचा हिशेब न करणं

एवढं करूनही आठवडेच्या आठवडे मन कोरडं राहिलं, तर १ राजे १९ काढा. संदेष्टा एलीया झुडपाखाली आडवा, मरण मागतोय. देवदूताने त्याला उपदेश केला नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी दिलं. तो जेवला आणि पुन्हा झोपला. रात्री एकपर्यंत मोबाइल बघून पाचला उठणाऱ्यांनी हा अध्याय जरूर वाचावा, जमल्यास दुपारी.