बाळदमा होता आणि फौजेत जायचंय? मग या चुका टाळा

आर्मी मेडिकल कोरमध्ये सतरा वर्षं नर्सिंग असिस्टंट होतो. आता कांजूरमार्गच्या एका मैदानावर पहाटे साडेपाचला भरतीची पोरं पळवतो. दरवर्षी एखादी आई गेटापाशी गाठून हळू आवाजात विचारते, "सर, याला लहानपणी दमा होता. सांगायचं का?" मागे उभा असलेला मुलगा डोळ्यांनी मला खुणावत असतो, नाही म्हणा.

सांगायचंच. पण त्याआधी चुका बघू, कारण पोरं अनफिट होतात ती बहुतेक स्वतःच्या अकलेने.

सगळ्यात जास्त संताप येतो तो मेडिकलच्या सकाळी कुणाचा तरी दम्याचा पंप मागून ओढण्याचा. भांडुपचा एक पोरगा होता. सोळाशे मीटर ५ मिनिटं २० सेकंदांत मारायचा, म्हणजे पहिल्या गटात, पूर्ण ६० गुण. पुल-अप्स दहा, सहज. सातव्या वर्षानंतर धाप कधी लागलेली नाही. आदल्या रात्री मित्राने डोक्यात भरवलं, डॉक्टर छातीला नळी लावतात, घरघर ऐकू आली तर गेलास, दोन फवारे मारून जा. चुलतबहिणीचा निळा पंप घेतला आणि घाबरून दोनाचे सहा केले. त्यातलं सालब्युटामॉल श्वासनळ्या मोकळ्या करतं, पण नाडी पळवतं आणि हातही थरथरवतं. डॉक्टरांनी हात समोर धरायला लावले, पसरलेल्या बोटांवर कागद ठेवला. कागद फडफडतोय. नाडी ११८. बाकावर बसवलं, थोड्या वेळाने पुन्हा मोजली, तरी ११२. "काही घेतलंयस?" "नाही सर." झालं, रिव्ह्यूला, म्हणजे फेरतपासणीला पाठवलं.

इथपर्यंत ठीक होतं. रिव्ह्यूला नुसता जेवून-झोपून गेला असता तरी निभावलं असतं. या शहाण्याने त्या सकाळीही पंप ओढला! पुढे मी त्याला पालिकेच्या रुग्णालयात छातीच्या ओपीडीत नेलं. औषधाशिवाय स्पायरोमेट्री केली, फुंकर एकदम नॉर्मल. तिथल्या डॉक्टर बाईंनी विचारलं, "मग पंप कशाला घेत होतास?" तोवर एकवीस उलटले होते, भरतीचं वय गेलं होतं.

तेव्हापासून माझ्या पिशवीत पीक-फ्लो मीटर असतो. फुंकरीचा जोर मोजणारी, काटा असलेली प्लॅस्टिकची नळी, मेडिकलच्या दुकानात काही शे रुपयांत मिळते. ज्याला कधीकाळी बाळदमा होता त्याने पळण्याआधी तीनदा जोरात फुंकायचं, सगळ्यात मोठा आकडा वहीत लिहायचा. मग पळून थांबल्यावर ५, १० आणि १५ मिनिटांनी पुन्हा. व्यायामाने होणारा दमा बऱ्याचदा पळताना दिसतच नाही, थांबल्यावर पाच-दहा मिनिटांनी छाती आवळते. तेव्हा पोरं वडापावच्या गाडीवर असतात, लक्ष कुणाचं? आकडा पंधरा टक्के किंवा जास्त घसरला तर त्या पोराचं पळणं मी बंद करतो आणि त्याला छातीच्या डॉक्टरकडे धाडतो. तोंडात घालायची नळी ज्याची त्याने आणायची.

आणि हे मुंबईत बघून समाधान मानू नका. इथली दमट हवा फसवते. थंड, कोरड्या हवेत श्वासनळ्या जास्त आवळतात. समुद्राच्या हवेत वर्षभर छान पळालेला मुलगा ट्रेनिंगला बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्री सेंटरमध्ये डिसेंबरच्या पहाटे पहिल्यांदा खोकतो. आजार लपवून आत गेलेल्याचं पितळ तिथे उघडं पडतं, आणि तेव्हा बाजू घ्यायला कुणी नसतं.

दुसरी मोठी चूक घरच्यांची. दोन-तीन वर्षांच्या मुलाला सर्दीबरोबर घरघर झाली, डॉक्टरांनी वाफेची मशीन लावली, की चाळभर "त्याला दमा आहे." विषाणूच्या सर्दीने लहान मुलांची छाती वाजते आणि त्यांतल्या पुष्कळांची पुढे आपोआप थांबते. पाच-सहा वर्षांखाली फुंकून घ्यायची चाचणी नीट जमत नाही, म्हणजे बहुतेकांचा "दमा" कुणी मोजलेलाच नसतो. एनडीए-सीडीएस या अधिकारी भरतीच्या परीक्षांच्या जाहिरातीला जोडलेले वैद्यकीय निकष वाचा. तिथे दमा, घरघर किंवा ॲलर्जीची सर्दी यांचे वारंवार येणारे झटके हे नाकारण्याचं कारण आहे. त्या 'वारंवार'वर सगळं आहे. म्हणून भरतीच्या वर्षभर आधी जुने केसपेपर शोधा. कपाटावरची ती प्लॅस्टिकची पिशवी खाली काढा, शेवटचा त्रास कधी, शेवटचं औषध कधी, हे छातीच्या डॉक्टरसमोर मांडा, स्पायरोमेट्री करा. मग फॉर्मवर खरं ते लिहा: या वयात घरघर, या वयापासून औषध नाही. खोटं लिहू नका, आणि घाबरून नुसतं "दमा" असं एका शब्दातही लिहू नका. आठ दिवस आधी हे करायला आलेल्यांना मी परत पाठवतो. वर्षभर पळायला वेळ होता ना?

"सर, तेरा वर्षांच्या आधीचा दमा चालतो." नाही. ती रेघ अमेरिकी सैन्याची. मोबाइलवर वाचलेला त्यांचा नियम आणि त्यांची सवलत इथल्या डॉक्टरला सांगू नका, हसं होतं.

हैदराबादला मृग नक्षत्रावर दम्यासाठी देतात तो मासा गिळून आलात तर आलात, त्याने तुमचा दमा गेला असं कुठलाही मेडिकल बोर्ड धरत नाही. ओळखीच्या डॉक्टरचं "पूर्ण बरा" असं सर्टिफिकेटही तसंच, फौजेचे डॉक्टर स्वतः तपासतात.

हायवेच्या सर्व्हिस रोडवर ट्रकांच्या धुरात पळू नका. रात्री बंद खोलीत कासवछाप लावून सकाळी छाती भरली म्हणू नका. पावसाळ्यात भिंतीला ओल धरून बुरशी आली असेल तर उशी तिथून हलवा.

शेवटची चूक जीवावरची. ज्यांना रोजचा स्टेरॉइडचा पंप चालू आहे ते भरती जवळ आली की तो गुपचूप बंद करतात, "क्लीन" दिसायला म्हणे. काही दिवस बरं वाटतं, मग एका रात्री रिक्षा शोधायची पाळी येते. रोजचा पंप लागतो म्हणजे दमा गेलेला नाही, आणि मग ही भरती तुमची नाही. हे मी तोंडावर सांगतो. काही जण त्यानंतर मैदानावर यायचे बंद होतात. एक जण माझगाव डॉकच्या अप्रेंटिसशिपचा फॉर्म घेऊन आला होता, त्यातही मेडिकल आहे का विचारायला. आहे, म्हटलं. पंप खिशात ठेवून जा, आणि विचारलं तर दाखव.