खाणीखालचा नाला कसा तपासायचा

इरई नदीच्या बाजूला, चंद्रपूर तालुक्यातल्या एका गावात मी एकवीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवलं. आमच्या नाल्याच्या वरच्या अंगाला खुली कोळसा खाण आहे आणि पलीकडे ताडोब्याच्या बफरचं जंगल. बाहेरून येणारा प्रत्येक जण विचारतो, खाणीमुळे वाघाला काय त्रास होतो? मी म्हणते, वाघाकडे नंतर बघू, आधी नाल्यातला दगड उलटा करा. उन्हाळ्यात चितळ, रानडुक्कर, अस्वल याच पाण्यावर येतात, आणि पाणी बिघडलं की दगडाखालचे किडे सगळ्यांत आधी नाहीसे होतात.

नोव्हेंबर-डिसेंबरात जा. तोवर पूर ओसरलेला असतो. जुलै-ऑगस्टात सगळेच नाले गढूळ असतात, त्यावरून काहीच ठरत नाही. एकटं कधीच जायचं नाही. ऊन वर आल्यावर निघा, चारच्या आत घरी या. खाली वाकलेला माणूस वाघ-बिबट्याला जनावरासारखा दिसतो, म्हणून एक जण वाकला की दुसऱ्यानं उभं राहून काठाकडे लक्ष ठेवायचं. ओबीच्या, म्हणजे कोळशावरून काढून टाकलेल्या माती-दगडांच्या, ढिगाऱ्यांवर चढू नका. ते घसरतात, आणि कोळसा मिसळलेला ढिगारा आतून धुमसतही असतो. जागा वनविभागाच्या हद्दीत असेल तर आधी परवानगी घ्या.

सामान घरातलंच: पांढरी थाळी, पिठाची जुनी चाळणी, रंगकामाचा मऊ ब्रश, एक लिटरच्या तीन पारदर्शक बाटल्या, पट्टी, वही. पाणी किती आम्ल आहे ते रंगावरून दाखवणारा पीएच कागद प्रयोगशाळेचं साहित्य विकणाऱ्या दुकानात मिळतो.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. जागा तीन निवडायच्या: खाणीचं पाणी नाल्यात पडतं त्याच्या वर एक, त्याच्या खाली शंभर पावलांवर दुसरी आणि आणखी किलोमीटरभर खाली तिसरी. तिन्ही एकाच दिवशी तपासायच्या. पहिल्या वर्षी आम्ही फक्त खालची जागा बघितली होती. खाणीच्या माणसानं विचारलं, नाला आधीपासून असाच नसेल कशावरून? आमच्याकडे उत्तर नव्हतं.

प्रत्येक जागी तळहाताएवढे दहा दगड उचला. उचलताना खाली चाळणी धरा, म्हणजे निसटलेले किडे त्यात सापडतात. ब्रशनं हलकेच थाळीतल्या पाण्यात उतरवा, मोजा, लिहा आणि सगळे परत सोडा. आमच्या वरच्या जागी दगड उलटा केला की चपट्या अंगाची, शेपटीला तीन बारीक धागे असलेली किड्यांची पिल्लं सावलीकडे पळतात. त्यांच्या पोटाच्या दोन्ही बाजूंना पिसांसारखे कल्ले सारखे हलत असतात. शेजारी वाळूचे कण चिकटवून केलेली नळी असते, तिच्या तोंडातून एक अळी डोकावते. कधी चतुराचं पिल्लू मिळतं, कधी गोगलगाय. खालच्या जागी दगड आधी निघतच नाही. ओढून काढला की खालून काळा लगदा येतो, कुजलेल्या अंड्यांचा वास येतो, आणि फार तर दोऱ्यासारख्या बारीक लाल अळ्या वळवळतात. त्या कमी प्राणवायूतही तग धरतात.

कारण समजून घ्या. दोन दगडांमधल्या फटी ही या किड्यांची घरं आहेत. काही मासे अंडी घालतात तीही तिथेच आणि वाळूत. कोळशाची भुकटी नि ढिगाऱ्यांवरची माती वाहून आली की फटी बुजतात आणि अंडी गुदमरतात. किडे गेले की बारीक मासे, झिंगे जातात आणि मग खंड्याही काठावर बसेनासा होतो. आमच्याकडचे एक ढिवर आजोबा पाण्याकडे न बघता खंड्या दिसतो का तेवढं बघायचे आणि जाळं टाकायचं की नाही ते ठरवायचे.

तिन्ही जागांच्या बाटल्या भरून रात्रभर न हलवता ठेवा, सकाळी तळाचा गाळ पट्टीनं मोजा. मग पीएच. कोळशातल्या गंधकाच्या खनिजाला हवा-पाणी लागलं की आम्ल तयार होतं आणि तळावर नारिंगी साका बसतो. पण कागदावर ७, म्हणजे आम्ल नाही, असं आलं म्हणून निर्धास्त होऊ नका. गाळ पीएचमध्ये दिसत नाही. शिवाय कोळसा खाणीच्या सांडपाण्याला ५.५ ते ९ पर्यंत मुभा आहे, आणि ५.५ ला ती तीन धाग्यांची पिल्लं बहुतेक टिकत नाहीत. पाण्यावर रंगीत तवंग दिसला तर काडीनं फोडा. काचेसारखे तुकडे झाले तर लोहावरच्या जिवाणूंचा, परत जुळून आला तर डिझेल किंवा ऑइलचा.

पानांवरची धूळही बघून घ्या. डंपरच्या रस्त्याकडेचा पळस आणि अर्धा किलोमीटर आतला पळस, दोन्हींची एकाच उंचीवरची दहा-दहा पानं पांढऱ्या ओल्या कापडानं पुसा. कापडं वाळवून तारखेसह वहीत चिकटवा.

आपल्या बाटलीतलं पाणी कोर्टात पुरावा होत नाही. त्यासाठी १९७४ च्या पाणी कायद्याप्रमाणे प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अधिकाऱ्यानंच रीतसर नमुना घ्यावा लागतो. त्यानं कुठे आणि केव्हा यायचं, ते आपली वही सांगते. मंडळाच्या चंद्रपूर कार्यालयाला तारखा, जागा, फोटो आणि आकडे देऊन अर्ज करा, प्रत वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांना द्या, आपल्या प्रतीवर आवक शिक्का घ्या. पर्यावरण मंजुरी मिळालेल्या खाणीला दर वर्षी १ जून आणि १ डिसेंबरला अटींच्या पालनाचा अहवाल द्यावा लागतो. तो मिळाला नाही तर माहिती अधिकारात मागा. केंद्र सरकारच्या कार्यालयाकडे शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. अहवालातले पाण्याचे आकडे कुठल्या महिन्यातले आहेत ते आधी वाचा आणि आपल्या वहीतल्या त्याच महिन्याच्या पानाशेजारी ठेवा.

मूळ वही कुणालाही देऊ नका, झेरॉक्सच द्या. आमची पहिली वही एका कार्यालयात पाहायला म्हणून ठेवून घेतली, ती परत मिळाली नाही. त्यात तीन वर्षांचे दगड होते.