चांदीचा जुना रुपया विकत घेण्याआधी

सोयाबीनचे पैसे हाती आले, कापसाचा पहिला वेचा घरात पडला, की लक्ष्मीपूजनाच्या ताटात ठेवायला एखादा जुना कलदार, म्हणजे ब्रिटिश काळातला चांदीचा, रुपया हवा, अशी विचारणा विदर्भातल्या गावागावांतून सुरू होते. अकोला, अमरावती, खामगाव येथील सराफांकडे, आणि आठवडी बाजारात पथारी टाकून बसणाऱ्यांकडेही, व्हिक्टोरिया राणीचे किंवा पंचम जॉर्जचे नाणे सहज मिळते. ते सहज मिळते, हीच गोष्ट खरेदीदाराने आधी ध्यानात घ्यावी. अशा नाण्याची किंमत मुख्यतः त्यातल्या चांदीची असते, आणि त्यावर जो जादा पैसा मागितला जातो तो कशाचा, हे विचारण्यात संकोच करण्याचे कारण नाही.

पहिली नजर सालावर टाकावी. १८३५ पासून १९३९ पर्यंतच्या रुपयाचे वजन ११.६६ ग्रॅम असून त्यात ९१.७ टक्के चांदी आहे, म्हणजे शुद्ध चांदी सुमारे १०.६९ ग्रॅम भरते. १९४० ते १९४५ या युद्धकाळातल्या रुपयाचे वजन तेवढेच असले तरी चांदी निम्मीच, ५.८३ ग्रॅम आहे. मागे वाघ असलेला १९४७ चा रुपया तर निव्वळ निकेलचा आहे आणि तो चुंबकाला चिकटतो. या तिन्ही प्रकारांवर राजाचे किंवा राणीचे चित्र असते, तिघेही पांढरे दिसतात, आणि ‘जुना चांदीचा’ म्हणून एकाच भावाने पुढे केले जातात. नवख्या माणसाची सर्वाधिक फसगत येथेच होते.

हिशेब अवघड नाही. समजा त्या दिवशी चांदीचा भाव किलोला एक लाख रुपये आहे, तर ग्रॅमला १०० रुपये पडले आणि १९१७ च्या रुपयातली चांदी १,०६९ रुपयांची झाली. १९४४ च्या रुपयातली मात्र ५८३ रुपयांचीच. हातोहात फिरून झिजलेल्या नाण्याचे वजन कमी भरते, म्हणून नाणे आपल्यासमोर काट्यावर ठेवायला सांगावे आणि भरलेल्या वजनाला ०.९१७ ने गुणावे (१९४० ते १९४५ च्या नाण्यासाठी ०.५ ने). तोळ्याच्या बोलीवर विसंबू नये. हे नाणे जुन्या मापाने बरोबर एक तोळा होते, पण सराफाचा आजचा तोळा दहा ग्रॅमचा असतो, त्यामुळे व्यवहार ग्रॅममध्येच बोलावा.

‘शंभर वर्षांचा आहे, दुर्मिळ आहे’ हे वाक्य प्रत्येक विक्रेत्याच्या तोंडी असते. जुने असणे आणि दुर्मिळ असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्या महायुद्धात रुपयाची मागणी इतकी वाढली की ब्रिटिश सरकारने अमेरिकेकडून चांदी विकत घेतली, आणि त्यासाठी अमेरिकेने १९१८ च्या कायद्यान्वये आपले सुमारे २६ कोटी चांदीचे डॉलर वितळवले. एकट्या १९१८ या सालाचे रुपये कलकत्ता आणि मुंबई येथील टांकसाळींत मिळून चाळीस कोटींहून अधिक पडले. अशा सालांसाठी चांदीच्या भावावर थोडीशी भर देणे ठीक, दुप्पट देणे मुळीच ठीक नाही.

अपवाद आहेत, आणि त्यांतला १९११ चा रुपया पाहण्यासारखा आहे. पंचम जॉर्जच्या छातीवरील साखळीत एक बारीक हत्ती कोरलेला असतो. १९११ च्या नाण्यावर त्याची सोंड इतकी आखूड पडली की लोकांना ते डुक्कर वाटले, मोठी ओरड झाली, बरीचशी नाणी परत घेऊन वितळवली गेली आणि १९१२ पासून सोंड, कान नीट दाखवलेला हत्ती आला. भिंगाखाली दोन्ही नाणी शेजारी ठेवली की फरक लगेच कळतो. १९३९ चा रुपयाही खरोखर दुर्मिळ आहे. परंतु त्याला मोठी रक्कम मिळते म्हणूनच त्याची नक्कल करण्याचा मोह होतो, आणि जाणकार संग्राहकाला दाखवल्याखेरीज तो घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

खरेखोटे ओळखण्यासाठी फरशीवर वाजवून पाहण्याची रीत आपल्याकडे आहे, पण केवळ आवाजावर पैसे मोजू नयेत. चुंबकानेही फक्त लोखंड आणि निकेल पकडले जाते. नकली रुपये बहुधा जर्मन सिल्व्हरचे असतात. त्यात तांबे, निकेल आणि जस्त असते, चांदीचा अंशही नसतो, आणि चुंबक त्याला धरत नाही. अधिक भरवशाची परीक्षा पाण्याची आहे. ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणाऱ्या छोट्या काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्यावर आणावा, मग नाणे बारीक दोऱ्याने बांधून, बुडाला किंवा बाजूला न टेकता, पूर्ण पाण्यात सोडावे. १९३९ पर्यंतचा न झिजलेला रुपया असेल तर काटा १.१३ च्या आसपास थांबेल. तेवढ्याच वजनाचे जर्मन सिल्व्हर असेल तर १.३३ च्या पुढे जाईल. झिजलेल्या नाण्यासाठी त्याच्या कोरड्या वजनाला पाण्यात सोडल्यावर काट्याने दाखवलेल्या आकड्याने भागावे, उत्तर १०.३ च्या जवळ यायला हवे. त्याबरोबर कडेवरचे दातेही बघावेत. ओतीव नकलेत ते बुजलेले असतात आणि कधी कधी कडेभोवती साच्याचा सांधा दिसतो.

यवतमाळ, वाशीमकडच्या तांड्यांतून येणारे बरेच रुपये दागिन्यात गुंफलेले असतात आणि त्यांना कडी जोडलेली असते. कडी काढली तरी डाग (झाळण) दिल्याची खूण राहते, आणि डागाची धातू चांदीच्या भावाने तोलली जाते. असे नाणे पूजेसाठी उत्तम आहे, मात्र त्याचा भाव मोडीचाच असावा. चिंच, राख किंवा टूथपेस्टने घासून चकचकीत केलेल्या नाण्याचेही तेच. त्यावरची जुनी काळसर छटा एकदा गेली की संग्राहक त्याला वरची किंमत देत नाही, म्हणून घरातला रुपया कोणीही घासू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे.

‘घराचा पाया खोदताना हंडा सापडला, गुपचूप स्वस्तात देतो’ असे सांगणाऱ्याकडून काहीही घेऊ नये. दाखवायला एक-दोन खरी नाणी आणि पिशवीत सगळी खोटी, असाच हा प्रकार बहुतेक वेळा असतो. हंडा खरा असेल, तरी १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत सापडलेला दहा रुपयांहून अधिक मोलाचा ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो. मोबाइलवर ‘जुन्या नाण्याचे लाखो रुपये मिळतील, आधी नोंदणीचे पैसे भरा’ असा निरोप आला, तर तेही टाळावे. रिझर्व्ह बँकेचे नाव वापरून होणाऱ्या या फसवणुकीबद्दल बँकेने २०२१ मध्ये स्वतः सावध केले होते.

पैसे देण्यापूर्वी दुकानदाराला एवढेच विचारावे, की हेच नाणे पुढच्या महिन्यात परत आणले तर आपण कोणत्या भावाने घ्याल. त्याने सांगितलेला आकडा आणि मागितलेली किंमत यांतले अंतर फार असेल, तर दुसऱ्या सराफाकडे जावे. व्यवहार ठरलाच, तर पावतीवर नुसते ‘चांदीचे नाणे’ न लिहवता साल, ग्रॅममधले वजन आणि चांदीचे प्रमाण लिहून घ्यावे.