दारू परवान्याचा अर्ज: परिसरावरचे परिणाम मांडताना या चुका टाळा

दारूच्या परवान्याच्या अर्जासोबत जोडायचा, परिसरावरच्या परिणामांचा अहवाल बहुतेकदा धंद्याच्या कौतुकानेच भरलेला असतो. किती जणांना नोकऱ्या मिळतील, सजावट कशी असेल, मालकाचा अनुभव किती. विचारलेलं असतं ते वेगळंच: हे दुकान किंवा बार आल्यावर शेजारी राहणाऱ्यांना काय सोसावं लागेल?

म्हणून आधी कायद्याची कसोटी वाचा. इंग्लंड आणि वेल्सच्या २००३ च्या परवाना कायद्यात चार उद्दिष्टं आहेत: गुन्हे आणि गोंधळ रोखणं, सार्वजनिक सुरक्षितता, उपद्रव टाळणं आणि मुलांचं संरक्षण. स्कॉटलंडने २००५ च्या कायद्यात सार्वजनिक आरोग्य हे पाचवं उद्दिष्ट घातलं. या यादीत रोजगार कुठेच नाही. तुमच्या भागातला कायदा वेगळा असेल, पण तो जे मुद्दे विचारतो त्याच क्रमाने उत्तरं द्या.

दुसरी चूक म्हणजे आपल्या एकट्या जागेपुरता विचार. त्याच रस्त्यावर आधीच पाच बार असतील, तर सहाव्याचा परिणाम हा सहाही एकाच वेळी बंद होतात तेव्हाचा परिणाम असतो. इंग्लंड-वेल्समध्ये अशा एकत्रित परिणामाच्या मूल्यांकनाला २०१८ पासून कायद्याचाच आधार आहे. तेव्हा आसपासचे सगळे परवाने, त्यांचा प्रकार आणि बंद होण्याच्या वेळा नकाशावर मांडा. शाळा, रुग्णालयं, व्यसनमुक्ती केंद्रं, वृद्धांची निवासस्थानं हीसुद्धा त्यात हवीत. गुन्ह्यांची आकडेवारी अख्ख्या शहराची देऊन चालत नाही. शहराच्या सरासरीत तुमच्या गल्लीचा त्रास दडून जातो आणि हरकत घेणारा नेमका तोच बाहेर काढतो.

सर्वात जास्त दुर्लक्ष होतं ते बंद होण्याच्या वेळेकडे. आतलं संगीत कमी ठेवू, एवढं लिहून अर्जदार मोकळा होतो. शेजाऱ्याची झोप मात्र बहुधा बाहेरच्या आवाजाने मोडते: दारात सिगारेट ओढत थांबलेला घोळका, टॅक्सीचे हॉर्न, आणि सगळे पांगल्यावर कर्मचारी रिकाम्या काचेच्या बाटल्या पिंपात ओततात तो खणखणाट. हा शेवटचा त्रास टाळायला काहीच खर्च नाही. बाटल्या रात्री आतच ठेवून दिवसा टाकायच्या, बस. असा एक नेमका उपाय पानभर आश्वासनांपेक्षा जास्त विश्वास मिळवतो. बाटलीबंद विक्रीचं दुकान असेल तर प्रश्न बदलतात: दारू नेऊन लोक पितात कुठे? जवळच्या बागेत, की बसथांब्यावर?

शेजाऱ्यांशी बोलायला उशीर करू नका. त्यांना अर्जाची बातमी दारावरच्या नोटिशीतून कळली, तर लपवाछपवीचा संशय तिथेच पक्का होतो. अर्ज भरण्याआधी भेटा. कोण काय म्हणालं आणि त्यामुळे तुम्ही काय बदललं, हे अहवालात लिहा. विरोधातली मतं गाळू नका, ती सुनावणीत येणारच असतात. फक्त ओळखीच्यांच्या सह्या गोळा केल्या असतील तर त्यांना फारशी किंमत मिळत नाही, आणि ते योग्यच आहे.

न झेपणारं वचनही देऊ नका. ‘बाहेर कायम सुरक्षारक्षक राहील’ असं लिहिलंत तर तीच परवान्याची अट होऊ शकते, आणि अट मोडली की कारवाई.

हरकत आलीच, तर आधी ती नीट वाचा. ‘आम्हाला दारूच नको’ आणि ‘रात्री अकरानंतर झोप लागत नाही’ या दोन हरकतींची उत्तरं वेगळी. दुसरीवर तडजोड निघते: वेळ कमी करणं, मागचं दार ठरावीक वेळेनंतर बंद ठेवणं, तक्रारीसाठी जबाबदार माणसाचा फोन नंबर देणं. असा बदल मान्य असेल तर सुनावणीची वाट न पाहता लेखी कळवा. हरकत मागे घेतली जाण्याची शक्यता तेव्हाच सर्वात जास्त असते. आणि पहिलीच्या मुळाशी एखाद्या घराने व्यसनापायी भोगलेलं असू शकतं, म्हणून तिला उत्तर देताना आवाज चढवू नका.