नवी एअर रायफल, रेंजवरचा पहिला दिवस : या चुका टाळा

गेल्या पावसाळ्यात पुतणीची नवी १० मीटर एअर रायफल घेऊन आम्ही पहिल्यांदा पुण्यात बालेवाडीच्या नेमबाजी रेंजवर गेलो. त्याआधी दोन वर्षं ती क्लबच्या रायफलवर खेळत होती आणि ६० शॉटला सहाशे गुणांच्या आसपास पोचली होती. नव्या रायफलवर मात्र आठ, सात, मग थेट सहाच्या रिंगा. परतताना बाणेर रोडच्या ट्रॅफिकमध्ये बराच वेळ गप्प बसून शेवटी तिनं विचारलं, "काका, रायफलच खराब निघाली का?"

रायफल ठणठणीत होती. चुका आमच्या होत्या आणि त्यातली सगळ्यात मोठी माझी. अंगाला न बसलेल्या रायफलची साइट, म्हणजे ज्यातून बघून नेम धरतात ती, मी तिला फिरवायला लावली. त्यानंतर वर्षभरात इतर मुलांच्या नव्या रायफली जवळून पाहिल्या आणि पहिल्या दिवशी बहुतेक घरांत हेच होतं हे लक्षात आलं. पोराचा हिरमोड होतो, आईवडिलांना खर्च वाया गेल्यासारखं वाटतं, आणि चांगल्या रायफलला पहिल्याच तासात नावं ठेवली जातात.

आधी अंगाला बसवा, मग पेलेट (छर्रा) घाला

मॅच (स्पर्धेच्या) रायफलची खांद्याला टेकणारी बट प्लेट वरखाली होते, मागेपुढे होते, तिरपी होते. गाल टेकवायचा चीकपीस उचलता येतो, हाताची ग्रिप फिरवता येते. डब्यातून येते तेव्हा ती कोणाच्याच मापाची नसते. तरी बहुतेकजण ती तशीच खांद्याला लावतात आणि स्वतःची मान रायफलच्या मापाने वाकवतात. दहा शॉट जमतात, विसाव्याला मान अवघडते, तिसाव्याला गाल सैल पडतो. गाल सैल पडला की डोळा मागच्या डायोप्टरच्या, म्हणजे बारीक भोकाच्या मागच्या साइटच्या, मधोमध राहत नाही, आणि शॉट भलतीकडे जातो.

तपासायची रीत सोपी आहे. जॅकेट, ट्राउझर, बूट सगळं घालून उभं राहायचं. डोळे मिटून रायफल खांद्याला लावायची, गाल टेकवायचा, दोन श्वास घ्यायचे आणि डोळे उघडायचे. फोरसाइटची, म्हणजे नळीच्या टोकावरच्या साइटची रिंग डायोप्टरच्या भोकात बरोबर मध्यावर दिसली पाहिजे, मान तसूभरही न हलवता. रिंग वर किंवा खाली दिसली तर चीकपीस एक-दोन मिलिमीटर हलवा आणि पुन्हा डोळे मिटा. आणि नेम शेजारच्या टार्गेटकडे झुकत असेल तर हाताने ओढून आणू नका, पावलं सरकवा. हाताने ओढलेला नेम ट्रिगर सुटताना परत आपल्या जागी जातो.

हे सगळं घरी, कोऱ्या भिंतीसमोर, ड्राय फायर करत, म्हणजे पेलेट न घालता ट्रिगर दाबत करायचं काम आहे. आम्ही ते नंतर कोथरूडच्या घरी हॉलमध्ये तीन संध्याकाळी केलं. चीकपीस अवघा चार मिलिमीटर वर गेला आणि पुतणीच्या चेहऱ्यावरचा ताण उतरलेला मला समोर दिसला.

मापं किती महत्त्वाची, हे बालेवाडीतच सराव केलेल्या स्वप्निल कुसाळेच्या प्रकारात नीट कळतं. २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकला त्याने कांस्य जिंकलं ते ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये. त्यात गुडघ्यावर, पालथं आणि उभं अशा तीन स्थितींत नेम धरायचा असतो, आणि स्थिती बदलताना नेमबाज बट प्लेट, चीकपीसही बदलून घेतात. माणूस तोच, रायफल तीच, तरी मापं वेगळी. मग दुसऱ्याच कोणाच्या मापाची रायफल आपल्याला पहिल्या दिवशी कशी बसेल?

साइटवरची अक्षरं

पुतणीचे शॉट डावीकडे जात होते. "उजवीकडे न्यायचेत ना, मग 'आर'कडे फिरव," असं मी छातीठोकपणे सांगितलं. तिने साइटचा स्क्रू चार क्लिक (टकटक होणारे टप्पे) फिरवला, शॉट आणखी डावीकडे गेला. अजून सहा क्लिक, आणखी डावीकडे. वीस क्लिकनंतर ती सहाच्या रिंगेत होती आणि मूळ सेटिंग कुठे होतं ते दोघांनाही आठवेना.

जर्मन बनावटीच्या साइटवर एच, टी, आर, एल ही अक्षरं असतात. होख म्हणजे वर, टीफ म्हणजे खाली, रेख्ट्स उजवं आणि लिंक्स डावं. ही अक्षरं शॉट कुठे लागला ते सांगतात, कुठे न्यायचा ते नाही. शॉट डावीकडे लागला तर 'एल'च्या बाजूला फिरवायचं, वर लागला तर 'एच'कडे. काही देशांच्या साइटवर खुणा नेमक्या उलट अर्थाच्या असतात. म्हणून मॅन्युअल वाचा, आणि तरी खात्रीसाठी एकदा पाच शॉट मारा, दहा क्लिक फिरवा, पुन्हा पाच मारा. ग्रुप, म्हणजे भोकांचा पुंजका, कुठे सरकला ते डोळ्यांनी पाहा.

आणि एका शॉटवरून क्लिक कधीच फिरवू नका. दहाचा ठिपका अवघा ०.५ मिलिमीटरचा आहे, रिंगा २.५ मिलिमीटरच्या अंतराने आहेत आणि पेलेट स्वतःच ४.५ मिलिमीटर जाड. शॉट नऊला लागला तर तो साइटमुळे की श्वासामुळे, हे एकट्या शॉटला विचारून कळत नाही. पाच शॉटचा ग्रुप बघा. पाचही भोकं एकमेकांत मिसळून सातच्या रिंगेत पडली असतील तर खुश व्हा. रायफल उत्तम आहे, फक्त साइट हलवायची आहे. दहा, सात, नऊ, आठ असे विखुरले असतील तर साइटला हात लावू नका, आधी उभं राहणं आणि गाल तपासा.

गाल-खांदा नीट बसूनही ग्रुप विखुरतोच आहे? मग आधी स्क्रू पाहा. रेलवर (साइट बसवायच्या पट्टीवर) मागची साइट घट्ट बसली आहे का, नळी आणि स्टॉकचे (रायफलच्या दांड्याचे) बोल्ट ढिले आहेत का. साइट केसभर सरकत असली की माणूस दिवसभर स्वतःला दोष देत राहतो. नव्या नळीत कारखान्याच्या तेलाचा हात असतो, सुरुवातीचे काही शॉट त्यामुळेही पसरतात. दोन-तीन फेल्ट (नळी पुसायच्या नमद्याच्या गोळ्या) मारून नळी कोरडी करून घ्या.

हवेचा सिलेंडर

शॉट हळूहळू खाली उतरत चाललेत आणि श्वास तर ठीक आहे? पेलेट ढकलणारी दाबाची हवा रायफलच्या सिलेंडरमध्ये असते, त्याचं प्रेशर गेज बघा. हवा ठरावीक पातळीखाली गेली की पेलेटचा वेग पडतो. ही पातळी प्रत्येक रायफलच्या मॅन्युअलमध्ये दिलेली असते, ती पाठच करा.

उलट घाबरण्याचा प्रकारही आहे. संध्याकाळी २०० बार (हवेच्या दाबाचं एकक) भरलेला सिलेंडर सकाळी १८५ दाखवतो आणि घरात गळतीची बोंब होते. घाईघाईने भरताना हवा तापते, रात्रीत निवते, काटा उतरतो. सावकाश भरा, थंड झाल्यावरचा आकडा लिहून ठेवा आणि त्यानंतरही उतरत असेल तरच सांध्यावर साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघा. हातपंपाने भरत असाल तर पुण्याच्या जुलैतली दमट हवा आत पाणी सोडते, फिल्टर बदलत राहा. ऑक्सिजन कधीही, कुठल्याही अडचणीत भरू नका, त्याने स्फोट होतो. एप्रिलच्या उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत सिलेंडर ठेवू नका. सिलेंडरवर कोरलेली तारीख वाचा, दहा वर्षांनंतर तो बदलायचा असतो.

ट्रिगरबद्दल थोडंच सांगतो. पहिल्या दिवशी तो आणखी हलका करायचा मोह टाळा. मॅच ट्रिगर आधीच इतका हलका असतो की सवय नसलेलं बोट टेकताच शॉट जातो. दोनशे ड्राय फायर होऊ द्या.

एका गोष्टीवर मात्र मी तडजोड करत नाही. नवी रायफल आली की मित्रमंडळी जमतात आणि फायरिंग लाइनच्या मागेच ती उचलून खांद्याला लावून बघतात. असं कोणालाही करू देऊ नका. सेफ्टी फ्लॅग (नळी रिकामी असल्याची खूण) नळीत, रायफल केसमध्ये, दाखवायची तर लाइनवर, तोंड टार्गेटकडे. पेलेट शिशाचे असतात, त्या हाताने वडापाव खाऊ नका, साबणाने हात धुवा. ४.५ मिलिमीटरच्या आणि २० ज्यूलपर्यंतच्या ऊर्जेच्या एअर रायफलला आपल्याकडे परवाना लागत नाही, मॅच रायफल साडेसात ज्यूलच्या आसपास असते. तरी नेता-आणताना खरेदीचं बिल आणि ओळखपत्र केसमध्येच ठेवा.

पुतणीच्या वहीचं पहिलं पान आता असं आहे: बट प्लेटची मापं, चीकपीसची उंची, साइट शून्यापासून किती क्लिक, पेलेटच्या डबीचा बॅच नंबर, सुरुवातीचा आणि शेवटचा बार. एका दिवशी यातलं एकच काही बदलायचं. दुसऱ्या खेपेला बालेवाडीत तिने सहा शॉट मारले, भोकं एकात एक, आठच्या रिंगेत डावीकडे. तिने वही उघडली, 'एल'कडे क्लिक मोजले आणि पुढचा शॉट मारला.