तेच पाप पुन्हा पुन्हा होत असेल तर

एकदा पाय घसरणं वेगळं आणि रोज त्याच वाटेने जाणं वेगळं. पहिले परिणाम बाहेर दिसत नाहीत. प्रार्थना आखूड होते, बायबलचं वचन वाचताना डोळे ओळींवरून नुसते फिरतात, मंडळीत (चर्चमध्ये) मागचं बाक बरं वाटू लागतं. बायबलमधल्या इब्री 3:13 मध्ये याला मन कठीण होणं म्हटलंय.

सुरुवात पापाला नाव देण्यापासून करा. "प्रभू, काही चुकलं असेल तर क्षमा कर" ही प्रार्थना कबुली नव्हे, पळवाट आहे. "काल मी हिशेबात खोटी रक्कम लिहिली" असं म्हणा. मग वेळ आणि जागा शोधा. रात्री मोबाइल हातात असतानाच पडत असाल, तर तो दुसऱ्या खोलीत ठेवून झोपा. नुसता निश्चय फसतो, कारण वाट उघडीच राहते.

याकोब 5:16 प्रमाणे पोटात गोष्ट ठेवणाऱ्या एका विश्वासू माणसाला सांगा. त्याने आठवड्यातून एकदा थेट विचारावं. कुणाचं घेतलं असेल तर परत करा. येशूला भेटल्यावर जकातदार जक्कयाने ज्यांना फसवलं होतं त्यांना चौपट देऊ केलं होतं.

क्षमा मिळाली म्हणजे परिणाम टळतातच असं नाही. 2 शमुवेल 12 मध्ये संदेष्टा नाथान दावीद राजाला त्याच्या पापाची क्षमा सांगतो आणि लगेच त्याच्या मुलाच्या मृत्यूचंही सांगतो. तरी प्रत्येक आजार ही शिक्षा समजू नका. योहान 9:3 मध्ये येशूने जन्मापासून आंधळ्या माणसाबाबत हा तर्क साफ नाकारला.

पुन्हा पडलात तर त्याच दिवशी त्या विश्वासू माणसाला सांगा, रविवारपर्यंत थांबू नका.